‘प्रॉबेबल कॉजेशन’ : तुलना कोणाशी, हे विचारणारा पॉडकास्ट

जेनिफर डोलिअॅक यांनी टेक्सास ए अँड एम विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवत असताना २०१९ मध्ये सुरू केलेला ‘प्रॉबेबल कॉजेशन’ हा इंग्रजी पॉडकास्ट गुन्हेगारीविषयी असला, तरी त्यात खुनाची कथा नाही की तपासाचा थरार नाही. प्रत्येक भागात एखादा संशोधक येतो आणि त्याच्या शोधनिबंधाची साक्षीदारासारखी उलटतपासणी होते. माहिती कुठून मिळाली, आणि फरक पडला तो याच कारणाने पडला हे कशावरून, यावर डोलिअॅक पुन्हा पुन्हा येतात.

हा आग्रह त्यांच्या स्वतःच्या संशोधनातही दिसतो. अमांडा एगन आणि अॅना हार्वी यांच्यासह त्यांनी बॉस्टन शहर ज्या सफोक काउंटीत येते तिथली किरकोळ, अहिंसक गुन्ह्यांची प्रकरणे तपासली. ज्यांच्यावर खटला भरला आणि ज्यांना सोडले, त्यांची सरळ तुलना करून भागत नाही, कारण सोडलेले लोक मुळातच कमी धोक्याचे असू शकतात. परंतु प्रकरण कोणत्या सरकारी वकिलाकडे जाईल, हे जवळपास योगायोगावर ठरत होते, आणि काही वकील इतरांपेक्षा सौम्य होते. खटला भरावा की नाही अशा काठावरच्या आरोपींमध्ये, वकील सौम्य मिळाल्याने जे सुटले, त्यांच्यावर पुढील दोन वर्षांत नवी तक्रार येण्याची शक्यता ५३ टक्क्यांनी घटली. पहिल्यांदाच आरोपी झालेल्यांना याचा सर्वाधिक लाभ झाला.

मी फौजदारी वकिली करतो. जामिनाचा विषय वेगळा असला, तरी ‘बाहेर आला तर पुन्हा गुन्हा करील’ हा युक्तिवाद मी नेहमी ऐकतो, आणि त्यामागे कोणती तुलना आहे हे आजवर मला कोणी सांगितलेले नाही. म्हणूनच हा कार्यक्रम मला मोलाचा वाटतो.

उणिवाही आहेत. चर्चा बहुतांशी अमेरिकेतील पोलीस, न्यायालये आणि तुरुंग यांभोवती फिरते, त्यामुळे तिथले निष्कर्ष जसेच्या तसे इथे लागू करता येत नाहीत. संख्याशास्त्रातील संज्ञा काही वेळा भराभर येतात आणि अर्थशास्त्र न शिकलेला श्रोता मागे पडतो. संकेतस्थळावर संभाषणाची लिखित प्रत मिळते. ती समोर ठेवून ऐकावे. मी सुरुवातीचे भाग तसेच ऐकले आणि टक्केवारी आली की ध्वनी थांबवून वहीच्या समासात ‘तुलना कोणाशी?’ असे लिहीत गेलो.