शाळेच्या नाटकासाठी भाड्याची ड्रेपरी: मावळ्यांचा संच

अंगरखा, सुरवार, शेला, पगडी, लाकडी तलवार आणि मिशी असा हा संच आहे. अंगरख्याचं कापड जाड सुती, न चकाकणारं, त्यामुळे पिवळ्या दिव्यांखाली खरं वाटतं. बंदांऐवजी आतून वेलक्रो लावलंय, म्हणून दोन प्रवेशांमध्ये मूल एकटं कपडे बदलू शकतं. ही सोय फार मोलाची.

पगडी मात्र मोठ्यांच्या मापाची. मान खाली घातली की डोळ्यांवर येते. आतून बोटभर रुंद फोमची पट्टी शिवा. कागद कोंबला तर घामाने चपटा होतो. मिशीसोबतचा स्पिरिट गम, म्हणजे ती चिकटवायचा गोंद, मुलांच्या त्वचेला झोंबतो. त्यापेक्षा आयब्रो पेन्सिलने मिशी काढा.

कपडे प्रयोगाच्या सकाळी आणू नका. निदान दोन रंगीत तालमी त्यातच व्हायला हव्यात. शेला तलवारीत अडकतो हे तेव्हाच कळतं आणि गाठ कमरेला कुठे मारायची हे मुलं स्वतः शोधतात. अंगरख्यात उभं राहण्याची ढब बदलते, आवाजही बदलतो. नाट्यशिक्षणातला हा भाग नुसत्या पाठांतरातून येत नाही. दोन दिवसांचं जादा भाडं त्यासाठी जरूर मोजा.