खुबा मोडलाय: ऑपरेशन की अंथरूण, रॉड की बॉल?

घरातलं ज्येष्ठ माणूस मोरीत किंवा जिन्यात पडलं, उठता येईना, एक पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय, तर एक्स-रे येण्याआधीच खुबा मोडलाय असं धरून चाला. उभं करून बघू नका. आडवं ठेवूनच १०८ला फोन लावा. डोक्याला मार बसला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर दवाखान्यात पोहोचताक्षणी ते डॉक्टरांना सांगा, कारण मग डोक्याचा सीटी स्कॅन करावाच लागतो. मनगट मोडलं तर बहुतेक वेळा प्लास्टरवर भागतं, मणका दबला तर गोळ्या, पट्टा आणि थोडी विश्रांती. खुब्याचं तसं नाही. तिथे निर्णय घ्यावा लागतो आणि तोही लवकर.

मी नाशिकमध्ये घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. ऑपरेशन झालेले आणि न झालेले, दोन्ही पेशंट मला त्यांच्या अंथरुणापाशी भेटतात. त्यामुळे प्रत्येक पर्यायाला मी एकच प्रश्न लावते: या वाटेने गेलं तर माणूस उठून बसणार कधी?

ऑपरेशन की अंथरुणावर उपचार

"चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, आता कशाला कापाकापी?" असं म्हणणाऱ्याच्या मनात मायाच असते, पण हिशेब उलटा आहे. ऑपरेशन टाळलं की पायाला वजन लावून साधारण दोन ते तीन महिने झोपून राहावं लागतं. तरुण माणूस हे सोसतो. म्हाताऱ्या शरीरात तेवढ्या काळात छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरांत गुठळ्या होतात, माकडहाडापाशी बेडसोअर पडतात. हाड जुळलं तरी तोवर मांड्यांतली ताकद गेलेली असते.

आणि वेदना. डायपर बदलायचा म्हणजे कूस वळवावी लागते. खुबा तसाच मोडलेला असेल तर दर वेळी हाडाची टोकं हलतात आणि आजी सुनेचा हात घट्ट धरून ओरडतात. पुढे मी अनेक घरांत पाहिलंय ते असं की, आजी पाणी पिणंच कमी करतात, म्हणजे लघवी कमी होईल आणि कूस कमी वेळा बदलावी लागेल. मग लघवीचा जंतुसंसर्ग होतो, अंगातलं पाणी कमी होतं, संध्याकाळ झाली की असंबद्ध बोलणं सुरू होतं, आणि घरचे म्हणतात, "वय झालं हो." वयाचा यात फारसा दोष नसतो.

ऑपरेशन झालेल्या पेशंटला बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पलंगाच्या कडेला बसवतात आणि वॉकर धरून उभं करतात. दुखतं, पण ते दुखणं दिवसागणिक कमी होत जातं. मात्र ऑपरेशन म्हणजे हमी नव्हे. खुबा मोडलेल्या ज्येष्ठांपैकी साधारण २० ते ३० टक्के माणसं वर्षभरात जातात, त्यांत ऑपरेशन झालेलेही असतात. जे सावरतात त्यांतल्याही बऱ्याच जणांना पूर्वीसारखं चालता येत नाही. हे डॉक्टरांनी आधीच सांगावं, आणि नाही सांगितलं तर तुम्ही विचारावं.

ऑपरेशन न करणं योग्य ठरतं अशी घरंही आहेत. माणूस आधीपासूनच अंथरुणाला खिळलेला असेल, विस्मरणाचा आजार शेवटच्या टप्प्यात असेल किंवा दुसऱ्या आजाराने दिवस थोडेच उरले असतील, तर वेदना नीट आटोक्यात ठेवून घरी सांभाळणं हाही विचारपूर्वक केलेला उपचारच आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात, शुश्रूषागृहातल्या अतिशय दुर्बल पेशंटांच्या बाबतीत, घरच्यांशी बोलून ऑपरेशन टाळल्यावरही आयुष्याची गुणवत्ता ऑपरेशन केलेल्यांपेक्षा कमी ठरली नाही. पण परवापर्यंत स्वतःच्या पायांनी देवळात जाणाऱ्या आजींना हा नियम लावू नका. लेप, मालिश आणि हाडवैद्याची पट्टी यांना तर इथे जागाच नाही.

आज की चार दिवसांनी

ऑपरेशन करायचं ठरलं तर ते २४ ते ४८ तासांत व्हावं, असं जगभरातले बहुतेक निकष सांगतात. नाशिकमध्ये वेळ जातो तो भुलीआधीच्या "फिटनेस" तपासण्यांमध्ये आणि पुण्या-मुंबईच्या मुलाची वाट बघण्यात. हृदयाचा नवा त्रास किंवा छातीत संसर्ग असेल तर एखादा दिवस थांबणं रास्त आहे. पण इको (हृदयाची सोनोग्राफी) करणारे डॉक्टर सोमवारी येणार म्हणून शुक्रवारपासून झोपवून ठेवणं रास्त नाही. थांबावं लागलंच तर जांघेपाशी इंजेक्शन देऊन नस बधिर करता येईल का, हे भूलतज्ज्ञांना विचारा. त्याने आराम पडतो आणि गुंगीच्या औषधांची गरज कमी होते. ऑपरेशन होईपर्यंत पायाला वजन लावून ठेवण्याचा फारसा फायदा अभ्यासांत दिसलेला नाही.

भूल कमरेतून की पूर्ण, यावर नातेवाईक तासन् तास बोलतात. २०२१च्या दोन मोठ्या चाचण्यांत नंतरच्या गोंधळलेपणाच्या बाबतीत दोन्हींत ठळक फरक दिसला नाही. हे भूलतज्ज्ञांवर सोडा.

रॉड की बॉल

यात खरं तर तुमची निवड फार थोडी असते. हाड कुठे मोडलंय यावर ते ठरतं. खुब्याच्या गोळ्याखाली जी मान असते ती मोडून सरकली असेल, तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. स्क्रूने जोडलं तरी तो गोळा वाळण्याची किंवा हाड न जुळण्याची भीती मोठी. म्हणून ज्येष्ठांमध्ये तिथे बॉल बदलतात, म्हणजे तो गोळा काढून कृत्रिम गोळा बसवतात. मानेच्या खाली, मांडीचं हाड सुरू होतं तिथे मोडलं असेल, तर रक्तपुरवठा शाबूत असतो आणि हाड जुळतं. तिथे हाडाच्या आत धातूचा रॉड किंवा बाहेरून धातूची पट्टी आणि स्क्रू. शेजारच्यांच्या वडिलांना बॉल बसवला म्हणून आपल्यालाही तोच हवा, हा आग्रह धरू नका.

बॉल ठरला तर अर्धा सांधा (फक्त गोळा) की पूर्ण सांधा (गोळा आणि त्याची खोबणही), हा प्रश्न येतो. पूर्ण सांध्याचं ऑपरेशन मोठं आणि खर्चिक. रोज फिरायला जाणारा, बुद्धीने तल्लख, आधीपासून सांधा झिजलेला माणूस असेल तर त्याचा विचार जरूर व्हावा. घरातल्या घरात वावरणाऱ्या आजोबांना माझ्या मते अर्धा बॉल पुरतो. सिमेंट वापरणार का, हेही विचारा. ठिसूळ हाडात सिमेंटने बसवलेल्या बॉलच्या बाजूने पुरावा चांगला आहे, त्याने बॉलभोवतीचं हाड पुन्हा मोडण्याचा धोका कमी होतो.

नंतरची पथ्यं मात्र वेगळी. बॉल बसवल्यावर काही आठवडे मांडी घालणं, पाटावर बसणं, भारतीय संडास, पायावर पाय टाकणं बंद. रॉडला ही बंधनं कमी, पण हाडाचा चुरा झाला असेल तर पूर्ण भार कधी द्यायचा ते सर्जनच सांगतील. ते लिहून घ्या. डिस्चार्ज कार्डावर ही ओळ नसली की घरी कुणालाच काही कळत नाही, आणि सगळेजण घाबरून पेशंटला झोपवूनच ठेवतात.

कुठे

"मुंबईला नेऊ" हा सल्ला हमखास येतो. कसारा घाटातून मोडलेला खुबा घेऊन जाण्याइतकं या ऑपरेशनमध्ये काही दुर्मीळ नाही. हाडांचे चांगले सर्जन नाशिकमध्ये आहेत.

खाजगी दवाखान्यात तारीख सहसा लवकर मिळते. इम्प्लांट, आयसीयू, रक्त आणि फिजिओ धरून एकूण आकडा कागदावर मागा. पैशांची ओढाताण असेल तर त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय आहे, आणि सरकारी आरोग्य योजनेत असलेले खाजगी दवाखानेही आहेत. ७० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे. वय त्याहून कमी असेल तर महात्मा जोतिराव फुले योजना बघा. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, पहिल्याच तासात गाठा आणि मंजुरीला किती वेळ लागेल ते विचारा. मंजुरीत चार दिवस जाणार असतील तर स्वस्त पर्याय पेशंटला महाग पडतो.

घरी आणायचं ते कोणत्या घरी

पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यात उंच उंबरठे, अरुंद लाकडी जिना आणि अंगणापलीकडे संडास. इंदिरानगरला मुलीकडे लिफ्ट आणि कमोड. बहुतेक आईंना आपल्याच घरी जायचं असतं, आणि मुलीकडे राहणं लोकांना कसं दिसेल याची काळजीही असते. पहिले सहा आठवडे मुलीकडेच ठेवा, असं मी स्पष्ट सांगते. वाड्यात वरच्या मजल्यावर नेलेला पेशंट खाली उतरत नाही. खोलीतच राहतो आणि चालणं तिथेच थांबतं. वाड्याशिवाय पर्याय नसेल तर तळमजल्यावर पुढच्या खोलीत खाट टाका, कमोडची खुर्ची आणा, गोधड्यांवर गोधड्या रचून का होईना खाट उंच करा, म्हणजे बसताना गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतील. दिवसाची मावशी ठेवणार असाल तर तिला आधी विचारा, वॉकरने चालवायची सवय आहे का? नुसतं भरवणारी आणि पुसणारी बाई प्रेमळ असली तरी पेशंट खाटेवरच राहतो.

आणखी एक गोष्ट दोन्ही घरांत सारखीच राहून जाते. उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला म्हणजे हाडं ठिसूळ झालेली आहेत, आणि दुसऱ्या बाजूचा खुबाही त्याच धोक्यात आहे. टाके काढायला जाल तेव्हाच हाडं बळकट करण्याच्या औषधाचं विचारा. झोलेड्रोनिक आम्लाचं वर्षातून एकदा शिरेतून देण्याचं इंजेक्शन २००७च्या चाचणीत खुबा मोडलेल्यांनाच दिलं होतं, त्यात नवे फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. ते देण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासावं लागतं, दातांचं मोठं काम असेल तर तेही उरकून घ्यावं लागतं. त्याच भेटीत झोपेच्या आणि बीपीच्या गोळ्यांची यादीही पुढे ठेवा, कारण रात्री उठताना चक्कर येऊन पडण्यामागे पुष्कळदा त्याच असतात.