जुन्या लष्करी फाइलमधलं डॉक्टरी अक्षर: एआय, सॉफ्टवेअर, डॉक्टर की आपलेच डोळे?

इथे इंग्लंडमध्ये शेजारच्या गोऱ्या आजींनी त्यांच्या आजोबांची 1916 ची फाइल आणून दिली, आजोबा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढलेले, "यात बॉम्बे दिसतंय, बघ जरा" म्हणाल्या आणि त्यातलं डॉक्टरांचं अक्षर लावण्यात माझे तीन रविवार गेले. आधी एक सांगते, पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या अर्ध्याहून जास्त फायली 1940 मध्ये लंडनवर बॉम्ब पडले तेव्हा जळाल्या, उरलेल्यांपैकी बऱ्याच करपलेल्या नाहीतर भिजलेल्या, त्यामुळे काही शब्द कोणालाच लागणार नाहीत.

एआय चॅट सगळ्यात फास्ट. फोटो टाकला की मजकूर तयार, पण चुकलं तरी त्याच तोऱ्यात सांगतं. आजोबांना त्याने सरळ डबलिनला पाठवलं! झूम करून बघितलं तर डीनंतर दोन बुटकी अक्षरं, मग दोन उंच काठ्या आणि त्यांच्या मधे एक गोल... अहो, हे तर आपलं देवळाली, नाशिकजवळचं. बोटीची वाट बघत गोरे सोल्जर तिथे महिनोन्‌महिने पडून असायचे, इंग्रजीत वेड्याला 'डूलाली' म्हणतात ते तिथूनच, आधी पूर्ण शब्द 'डूलाली टॅप' होता, टॅप म्हणजे आपला ताप.

ट्रान्सक्रिबस हे हस्तलिखितांसाठीच बनवलेलं सॉफ्टवेअर, थोडी पानं फुकट होतात. जाडजूड डायरी किंवा पत्रांचा गठ्ठा असेल तर डोळे झाकून हेच घ्या. पण फॉर्मच्या चौकटीत तिरकी खरडलेली आद्याक्षरं आणि वर शिक्का, तिथे माझ्याकडे तरी निम्मा कचराच आला.

मग पुण्यातल्या डॉक्टर भावाला व्हॉट्सॲप केलं. पी.यू.ओ. त्याने एका सेकंदात सांगितलं, कारण न कळलेला ताप, आजही केसपेपरवर हेच लिहितात म्हणे. डी.ए.एच. मात्र त्याने कधी ऐकलंच नव्हतं. हे त्या काळातलं निदान, धडधड, धाप, थकवा, पण हृदयात तपासून काही सापडत नाही असं. म्हणजे डॉक्टरला दाखवाच, पण सोबत त्या काळच्या लष्करी शॉर्टफॉर्मची यादी हवी.

आणि दोन-चार पानंच असतील तर मी म्हणेन आधी स्वतः बसा. एका पानावर व्ही.डी. (इंग्रजीत नुसतं एवढं म्हटलं तरी गुप्तरोगच) आणि पुढे एक गिचमिड अक्षर होतं. जी किंवा एस असेल तर गुप्तरोग, एच असेल तर हृदयाच्या झडपेचा आजार, केवढा फरक! मी त्याच हाताने लिहिलेला 'हॉस्पिटल' शब्द शोधला, त्यातला एच कापून या अक्षराशेजारी ठेवला, म्हणजे स्क्रीनवरच हो, तीच डावीकडे वळलेली शेपटी. एच.

आजींना फोन केला तर पलीकडून आधी मोठ्ठा सुस्कारा, मग "आईला हे कळायला हवं होतं गं". त्यांनाही व्ही.डी. एवढंच वाचता आलं होतं, मला मात्र बोलल्या नव्हत्या.