प्रबंधासाठी लाटेक की टाइप्स्ट?

लाटेक आणि टाइप्स्ट ही दस्तऐवजांची मांडणी करणारी साधने; दोन्ही मुक्त स्रोत आहेत, दोन्हींत साध्या मजकुराच्या फाइलमधून पीडीएफ तयार होते आणि सूत्रे दोन्हींत देखणी उतरतात. संपूर्ण परिच्छेद विचारात घेऊन ओळी कुठे तोडायच्या हे ठरवण्याची, लाटेक ज्यावर उभे आहे त्या टेक प्रणालीची प्रसिद्ध पद्धतही टाइप्स्टने उचलली आहे. त्यामुळे तयार पाने शेजारी ठेवून निवड करू पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही; खरा फरक लिहिताना, आणि विशेषतः काही बिघडल्यावर कळतो.

लाटेकमध्ये मला सर्वाधिक छळले ते सहायक फायलींनी. अनुक्रमणिका, समीकरणांचे क्रमांक आणि मजकुरातील परस्परसंदर्भ लाटेक पीडीएफ बनवण्याच्या एका फेरीत या फायलींत टिपून ठेवते व पुढच्या फेरीत तिथून वाचते. एखाद्या प्रकरणाच्या शीर्षकात नको ती आज्ञा आली, की ती मोडक्या रूपात तिथे जाऊन बसते. मग मूळ शीर्षक दुरुस्त केले तरी पुढच्या फेरीत आधी जुनी नोंद वाचली जाते, तोच दोष पुन्हा समोर येतो आणि ओळक्रमांक दिसतो तो आपण कधीच न लिहिलेल्या फाइलमधला. सहायक फायली पुसून टाकल्या की सारे सुरळीत होते हे जाणकारांना ठाऊक असते; परंतु दुरुस्ती बरोबर असूनही तिच्यावर शंका घेण्यात जो वेळ जातो, तो मला तरी परवडेनासा झाला. फेऱ्या आपोआप चालवणारी साधने आहेत, त्यांनी हा त्रास कमी होतो, संपत नाही.

मार्च 2023 मध्ये ज्याचा स्रोत खुला झाला, तो रस्ट भाषेत लिहिलेला टाइप्स्ट हेच काम संगणकाच्या स्मृतीतल्या स्मृतीत करतो. क्रमांक स्थिर होईपर्यंत तो जास्तीत जास्त पाच वेळा मांडणी करून पाहतो आणि तरीही ते स्थिरावले नाहीत तर तसा इशारा देतो. मागे कोणतीही फाइल उरत नाही, आणि चूक बहुधा जिथे झाली तिथेच दाखवली जाते. सूत्रात दोन अक्षरे चिकटवून लिहिली की तो त्यांना एकच नाव समजून अडतो, त्यामुळे ती सुटी लिहिण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

लाटेकची बाजू दुबळी आहे असे मुळीच नाही. टेक इतके स्थिरावले आहे की त्याच्या आवृत्तीचा आकडा 3.141592653 असा π (पाय) या संख्येच्या दिशेने एकेक अंक सरकतो. टाइप्स्टचा आकडा अजून शून्यानेच सुरू होतो आणि नव्या आवृत्तीत जुना दस्तऐवज थोडा दुरुस्त करावा लागू शकतो. शिवाय अनेक नियतकालिके आपापला लाटेक साचा देतात, अर्काइव्ह हे शोधनिबंधांचे ऑनलाइन भांडार लाटेकचा मूळ स्रोत स्वीकारते, तर टाइप्स्टमधून तिथे पीडीएफच द्यावी लागते. सहलेखक लाटेकवाले असतील तर प्रश्नच मिटला.

ज्यांना मुख्यतः शोधनिबंध पाठवायचे आहेत त्यांनी लाटेक सोडू नये, असे मला वाटते. प्रबंध, अहवाल किंवा अभ्याससाहित्य, म्हणजे जिथे अंतिम पीडीएफ आपल्याच हाती असते, तिथे मात्र मी टाइप्स्ट सुचवेन. लाटेकसोबत वापरल्या जाणाऱ्या बिबटेक या साधनाची संदर्भफाइल तो थेट वाचतो, तेव्हा एखादे प्रकरण त्यात करून पाहण्यासाठी संदर्भ नव्याने भरावे लागत नाहीत.