फुले गणेश व्हायोलेट ॲस्टर: फूल टिकतं, पाला टिकत नाही

आडतीवर ॲस्टरची जुडी आधी उलटी करून बघतात. वरचं फूल कितीही भरलेलं असो, खालची पानं पिवळी-काळी दिसली की भाव तिथंच पडतो. फुलात काडीचा दोष नसताना पाल्यापायी पैसे जातात. ‘फुले गणेश व्हायोलेट’ या ॲस्टरच्या वाणावर माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच, म्हणून आधी तीच.

सुट्टं फूल विकणाऱ्यांना पाल्याची फिकीर नाही. दांड्यासकट माल द्यायचा तर मात्र लक्षात ठेवा: ॲस्टरचं फूल पाण्यात आठवडाभर टिकतं, पानं त्याच्या कितीतरी आधी मान टाकतात. पाण्यात बुडालेलं पान कुजतं, पाणी घाण होतं, त्यातले जिवाणू दांड्याची तोंडं बुजवतात आणि मग चांगलं फूलही माना टाकतं. त्यामुळे काढणी झाल्याझाल्या दांड्याचा खालचा निम्मा भाग ओरबाडून मोकळा करायचा. बादली रोज घासायची. पाच टक्के हायपोक्लोराईट लिटरला १ मिली टाकलं की पाणी स्वच्छ राहतं. जुड्या सावलीत तीन-चार तास पाणी पिऊ द्यायच्या, मगच खोक्यात भरायच्या. पाला ओला असताना खोकं बंद केलं तर दादरला पोचेपर्यंत आत वाफ धरते आणि सगळा माल चिकट होतो.

काढणी पहाटे किंवा ऊन उतरल्यावर. बाहेरच्या पाकळ्या पूर्ण उघडलेल्या, मधला डोळा अजून घट्ट, ही वेळ. आणखी एक दिवस थांबलं की डोळा पिवळा दिसू लागतो आणि टिकाऊपणा घटतो.

पावसाळी लावणीचा माल पाहून हा दोष वाणाचाच वाटतो. थंडीतल्या प्लॉटनंतर हे मत बदलावं लागलं. कोरड्या हवेत त्याच वाणाचा पाला हिरवागार राहतो. फरक पडतो तो दाटीचा. ३० बाय ३० सेंमीवर एकरी सुमारे ४५ हजार रोपं बसतात, पण खालच्या पानांना ऊन मिळत नाही, वारं खेळत नाही, ती झाडावरच पिवळी पडतात. वरून नत्राचा मारा झाला तर पाला आणखी लुसलुशीत आणि नाजूक. ४५ बाय ३० वर रोपं ३० हजारांवर येतात. एक तृतीयांश रोपं कमी करायला जीव होत नाही, तरी जुडीचा भाव त्याची भरपाई करतो. नत्र दोन हप्त्यांत द्या: निम्मं लावणीला, उरलेलं साधारण ४० दिवसांनी मातीची भर देताना. पाणी ठिबकनंच, पाल्यावर नाही.

पण थंडीत दुसरंच दुखणं: दांडा आखूड. ॲस्टरला उंची धरायला मोठा दिवस लागतो. ऑक्टोबरनंतर लावलेलं रोप जमिनीलगत बसून राहतं आणि बुटकं असतानाच कळी धरतं. रात्री दिवे लावून दिवस १४ तासांच्या पुढे नेला तर दांडा सुटतो, मात्र अर्ध्या एकरासाठी वायर, होल्डर आणि विजेचं बिल अंगावर घेणं मला पटत नाही. थंडीचा प्लॉट सरळ सुट्ट्या फुलासाठी धरावा. महिन्याच्या रोपाचा शेंडा खुडला की बगलफुटी वाढते, फुलांची संख्याही वाढते. जुडीच्या प्लॉटात मात्र शेंड्याला हात लावायचा नाही.

रंगाला दहापैकी दहा. गर्द जांभळा, ‘पौर्णिमा’ या पांढऱ्या ॲस्टरच्या वाणाशेजारी ठेवला तर दोन्ही उठून दिसतात.

बुरशीनं येणाऱ्या मर रोगाबद्दल थोडक्यात, कारण तिथं तडजोड नाही. झाडाची एकच बाजू पिवळी पडली, दांडा चिरल्यावर आत तपकिरी रेघ दिसली, की ते झाड मुळासकट उपटून जाळा. ही बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं राहते, म्हणून ॲस्टरवर ॲस्टर किमान तीन वर्षं नको. गादीवाफा उंच हवा, शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळा. फुलं हिरवट, वेडीवाकडी येऊ लागली तर तो तुडतुडे या किडींनी पसरवलेला रोग, त्यावर औषध नाही. झाड काढा आणि तुडतुडे आवरा.

खोडवा, म्हणजे त्याच झाडाला पुन्हा फुटून येणारं पीक, मिळत नाही, एका फुलोऱ्यात झाड संपतं. बाजार सतत धरायचा असेल तर दर १५ दिवसांनी थोडं थोडं बी टाकावं लागतं. रोप चार आठवड्यांत तयार, त्यानंतर अडीच ते तीन महिन्यांनी फूल. सप्टेंबरमधल्या गणपतीसाठी बी मेच्या पहिल्या पंधरवड्यात वाफ्यावर पडायला हवं. बी घेताना पुडीवरची तारीख वाचा. वर्ष उलटलेल्या बियाण्याची उगवण फार घसरते, आणि स्वस्तात मिळालेली जुनी पुडी रिकाम्या वाफ्यात महाग पडते. पुढची लावण जूनमध्ये, ४५ बाय ३० वरच.