पाकिटावर ३.२, पोटात २.०: म्हापशात घेतलेल्या यूएसबी-सी हबचा अनुभव

गोव्यात म्हापशाच्या बाजारातल्या एका दुकानात मला ३,४०० रुपयांना विकलेला यूएसबी-सी हब (लॅपटॉपच्या एका तोंडातून अनेक जोडण्या करून देणारी डबी) आणि त्याच काउंटरवरून माझ्या मावसभावाने ९५० रुपयांना घेतलेला हब, दोन्हींच्या आत एकच माल निघाला. वरची खोळ तेवढी वेगळी. दुकानाचं नाव इथे देत नाही, तक्रार जिथे द्यायची तिथे दिली आहे. लिहायचं आहे ते फसवण्याच्या पद्धतीबद्दल, कारण ती कुठल्याही गावात, कुठल्याही काउंटरवर खपून जाईल अशी आहे आणि चांगल्या जाणत्या माणसालाही दुकानात उभं राहून ती ओळखता येत नाही.

मी डिचोलीत राहते. देवळांच्या उत्सवात होणारी नाटकं, भजनं, फुगड्या यांचं चित्रीकरण करणारी मंडळी माझ्याकडे कार्डं आणून देतात आणि मी घरी बसून एडिटिंग करते. नवा लॅपटॉप घेतला त्याला टाइप-सीची दोनच तोंडं. कॅमेऱ्याचं कार्ड, हार्ड डिस्क, मोठा मॉनिटर, इंटरनेटची वायर आणि चार्जर हे सगळं त्यांतून चालवायचं तर हब लागतोच. आजकाल असे लॅपटॉप घरोघरी आहेत, म्हणून हबचा धंदाही जोरात आहे.

दुकानदाराने दोन हब समोर ठेवले आणि मला त्यांतला फरक अगदी नीट समजावून सांगितला. "बाय, हा साडेनऊशेचा. सरळ सांगतो, टू पॉइंट झिरो आहे, म्हणजे यूएसबीची जुनी, हळू आवृत्ती. माउस-कीबोर्डला ठीक, तुमचं काम व्हिडिओचं, तुम्हांला चालायचा नाही." हे त्याचं बोलणं शंभर टक्के खरं होतं. स्वस्त मालाबद्दल खरं बोलणारा माणूस महागाबद्दलही खरंच बोलत असणार, असं कुणालाही वाटतं. दुसरा हब ॲल्युमिनियमचा, हाताला जड, वायरीवर विणलेलं कापड, यूएसबीच्या खाचा निळ्या. पाकिटावर यूएसबी ३.२ (नवी, वेगवान आवृत्ती), ४के ६० हर्ट्झ (मोठ्या मॉनिटरवर सेकंदाला साठ वेळा ताजं होणारं चित्र), गिगाबिट लॅन (वायरीचं वेगवान नेट) आणि १०० वॅट पीडी (चार्जिंग) असं सगळं छापलेलं. मी चालवून दाखवा म्हटलं. त्याने लगेच जोडून दाखवला. पेन ड्राइव्ह उघडला, दुकानातल्या टीव्हीवर चित्र आलं. पैसे यूपीआयने दिले, बिल मागून घेतलं.

खरी मेख इथेच आहे. यूएसबीची प्रत्येक नवी आवृत्ती जुनीशी जमवून घेते, त्यामुळे २.० चा हब ३.२ म्हणून विकला तरी त्यातलं काहीही बंद पडत नाही. पेन ड्राइव्ह उघडतो, चित्र येतं, नेट लागतं. फक्त सगळं हळू चालतं, आणि ते दुकानातल्या दोन मिनिटांत कळत नाही.

घरी पहिल्याच कामात कळलं. ६४ जीबीचं भरलेलं कार्ड उतरवायला अर्धा तास लागला. वेग सेकंदाला ३५ मेगाबाइटच्या आसपास जाऊन तिथेच थांबायचा. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट आहे आणि प्रत्यक्षात तिच्यातून ३५ ते ४० मेगाबाइटच मिळतात. हेच कार्ड ५ गिगाबिटच्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या हबमधून (३.२ हे बहुधा त्याचंच नवं नाव, ते पुढे सांगते) ९० च्या वेगाने, म्हणजे साधारण बारा मिनिटांत उतरतं. मॉनिटरवर माउसचा बाण अडखळत सरकत होता. डिस्प्ले सेटिंगमध्ये पाहिलं तर ४के ला ३० हर्ट्झ हा एकच पर्याय. घरचं फायबर २०० एमबीपीएसचं, पण हबमधून लॅन लावली की आकडा ९४ च्या वर जाईना. ९४-९५ वर अडणं ही १०० एमबीपीएसच्या जुन्या लॅनची खूण आहे.

तरी लगेच दुकानदाराला बोल लावला नाही, कारण दोष लॅपटॉपचाही असू शकतो. टाइप-सी हा फक्त तोंडाचा आकार आहे. त्या तोंडातून चित्र जाईल का, चार्जिंग होईल का, किती वेगाने डेटा जाईल, हे लॅपटॉप बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. काही स्वस्त लॅपटॉपांच्या टाइप-सीमधून चित्र जातच नाही, त्यासाठी लॅपटॉपमध्ये डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड नावाची सोय लागते. आणि हबमधून ३.० चा डेटा व चित्र एकदम न्यायचं तर ४के ६० हर्ट्झसाठी लॅपटॉपला डिस्प्लेपोर्ट १.४ असावा लागतो, १.२ असेल तर हब कितीही चांगला असो, ३० वरच अडतो. म्हणून ओळखीच्या एका छायाचित्रकाराचा चांगला हब मागून आणला. त्याच लॅपटॉपवर, त्याच वायरीने, त्याच मॉनिटरवर ६० हर्ट्झ आले, कार्ड भराभर उतरलं, नेट २०० ला पोचलं. म्हणजे लॅपटॉप निर्दोष होता.

मग वाळपईहून मावसभाऊ आपला ९५० वाला हब घेऊन आला. त्याचं डीटीपीचं काम आहे, त्याने तो माउस-कीबोर्डसाठीच घेतला होता. दोन्ही हब आळीपाळीने लावून विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची यादी, उघडली. ३.० चा खरा हब लावला की तिथे दोन नोंदी दिसतात, एक साधी 'जेनेरिक यूएसबी हब' आणि दुसरी 'जेनेरिक सुपरस्पीड यूएसबी हब'. आमच्या दोन्हींत सुपरस्पीडची ओळच नव्हती. लॅनच्या नावात दोन्हीकडे 'एफई' होतं, म्हणजे फास्ट इथरनेट, १०० एमबीपीएस. गिगाबिटचं असतं तर 'जीबीई' लिहून आलं असतं. हार्डवेअर आयडीचे, म्हणजे उपकरणाच्या ओळखीचे, आकडेही अक्षरशः सारखे. भावाने स्वतःचा हब चाकूने उकलला, तर आत जीएल८५०जी ही चिप. ही चिप वाईट नाही, यूएसबी २.० साठीच बनवलेली आहे आणि ते काम नीट करते. भावाला २.० सांगून २.० च दिलं होतं, त्याची फसवणूक झाली नाही. माझ्याकडून त्याच मालाचे साडेतीन पट पैसे घेतले.

माझा हब मी उकलला नाही. तुम्हीही उकलू नका, तक्रार करायची तर माल जसाच्या तसा हातात राहिला पाहिजे. बाहेरूनही पुष्कळ दिसतं. मोबाइलचा टॉर्च लावून यूएसबीच्या निळ्या खाचेत बघा. आत प्लास्टिकची एक जीभ असते. यूएसबी ३.० मध्ये एकूण नऊ संपर्क असतात: आतल्या बाजूला नेहमीच्या चार लांबट पट्ट्या, आणि जिभेच्या अगदी पुढच्या कडेला पाच छोट्या, चमकणाऱ्या. माझ्या हबची जीभ सुंदर निळी होती, पण पुढची कडा कोरी. पाचांतली एकही पट्टी नाही. निळ्या रंगाचं प्लास्टिक कुणीही ओतू शकतो, त्या रंगाची सक्तीही नाही. काळ्या खाचेचा हब खरा ३.० असू शकतो आणि निळ्या खाचेचा २.०. रंगावर जाऊ नका, पट्ट्या मोजा. अर्थात पट्ट्या असल्या म्हणजे आतली चिप खरी, असंही नाही. पण नसल्या तर तो ३.० नाही, हे नक्की.

आकड्यांच्या घोळाचाही हे लोक फायदा घेतात. २००८ मध्ये जे यूएसबी ३.० म्हणून आलं, त्याच वेगाला २०१३ नंतर ३.१ जेन १ आणि २०१७ नंतर ३.२ जेन १ म्हणू लागले. तिन्हींचा वेग एकच, ५ गिगाबिट. त्यामुळे '३.० जुना झाला, हा ३.२ आहे' असं सांगून कुणी हजार रुपये वर मागितले तर एकच प्रश्न विचारा: किती गिगाबिट? ५ की १०? उत्तर टाळणाऱ्याकडून घेऊ नका. चार्जिंगच्या वॅटबद्दल मात्र मी दुकानदाराला दोष देणार नाही. हब स्वतःसाठी काही वॅट राखतोच, १०० वॅटच्या चांगल्या हबमधूनही लॅपटॉपला ८५ च्या आसपास पोचतात, आणि १०० वॅट न्यायला ५ अँपिअरची खास केबलही लागते. ६५ वॅटचा चार्जर लावून 'स्लो चार्जर' असा संदेश आला, तर ती दर वेळी फसवणूक नसते.

हब घेऊन परत गेले तेव्हा सुरुवातीला गोड बोलणं झालं. "ड्रायव्हर टाका", "तुमची केबल खराब असेल", "दुसरा पीस देतो". दुसरा पीस तिथेच टॉर्च लावून पाहिला, त्याचीही कडा कोरी. पैसे परत द्या म्हटल्यावर सूर बदलला. "बिल वाचा. यूएसबी हब, नग एक. यूएसबी हबच दिलाय ना?" आणि बोट भिंतीवरच्या पाटीकडे: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

बिलावर आवृत्ती, वेग, मॉडेल काहीच न लिहिणं हा या धंद्याचा भाग आहे, हे मला तेव्हा लख्ख दिसलं. पाकीट फेकून दिलं असतं तर माझ्या हातात काहीच उरलं नसतं. पण पाकीट होतं, त्यावर छापलेले दावे होते. शिवाय आणखी एक गोष्ट दिसली. आयात केलेल्या वस्तूच्या पाकिटावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं वजनमापाच्या २०११ च्या नियमांनी सक्तीचं आहे. इथे फक्त किमतीचा स्टिकर होता.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, मध्ये पडून तोडगा काढायला बघते, हे लक्षात ठेवा. तिच्या भरवशावर न थांबता मी दुकानाला साध्या कागदावर मराठीत पत्र लिहिलं आणि पोच घेतली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि भिंतीवरच्या पाटीने हा कायदा रद्द होत नाही, एवढंच त्यात होतं. सोबत पाकिटाचा, कोऱ्या कडेचा आणि डिव्हाइस मॅनेजरचा फोटो जोडला. पत्राच्या शेवटी, पैसे न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, असंही लिहिलं. आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पडत नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो. दुकानदाराला हे ठाऊक असावं. पूर्ण पैसे यूपीआयवर परत आले.

नवा हब घेताना मी दुकानात वेगळ्या वस्तू घेऊन गेले: लॅपटॉप, एसएसडी (वेगवान बाह्य डिस्क) आणि तिच्यात दहा जीबीची एक फाइल. पेन ड्राइव्हवर पारख होत नाही, बरेच पेन ड्राइव्ह मुळातच संथ असतात. एसएसडीवरून फाइल उतरवताना वेग शंभर मेगाबाइटच्या बराच वर गेला तर हब ३.०, चाळिशीत घुटमळला तर २.०. दुकानदार तयार असेल तर मॉनिटरही लावून हर्ट्झ पाहावेत. बिलावर 'यूएसबी ५ गिगाबिट, एचडीएमआय ४के ६० हर्ट्झ, लॅन १००० एमबीपीएस' असं लिहून मागितलं. एका दुकानदाराने लिहायला नकार दिला, दुसऱ्याने काहीही न बोलता लिहिलं. त्याच्याकडून घेतला.

आणि सगळ्यांनाच महाग हब लागत नाही. माउस, कीबोर्ड, प्रिंटर, कधीमधी पेन ड्राइव्ह एवढंच असेल, तर २.० म्हणून विकलेला २.० घ्या आणि निर्धास्त वापरा. बिनतारी माउसचा खाचेत लावायचा छोटा रिसीव्हर तर २.० च्या खाचेतच बरा. ३.० च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट पसरतो आणि माउस अडखळतो.

पाकिटावर आयातदाराचं नाव नसल्याची तक्रार वजनमाप खात्याकडे दिली आहे. मी परत केलेला हब मात्र दुकानदाराने माझ्यासमोरच पुन्हा पाकिटात भरून कपाटात ठेवला. तेव्हा गेल्या महिन्याभरात कुणी म्हापशात किंवा आणखी कुठे निळ्या खाचांचा असा हब घेतला असेल, तर आजच टॉर्च लावून जिभेची पुढची कडा बघा, आणि पट्ट्या नसतील तर बिलावरची तारीखही बघा, कारण ते तीस दिवस चालू आहेत.