६० बाय ६० चा ग्रो टेंट: जर्मनीतल्या भाड्याच्या घरात तीन रोपांसाठी

रोपं किती जोमाने वाढतील हे मी नंतर पाहिलं, आधी पाहिलं ते ग्रो टेंटच्या, म्हणजे घरात दिव्याखाली रोपं वाढवायच्या कापडी तंबूच्या, चेनला कुलूप लागतं का. घरात पंधरा वर्षांची मुलगी आहे. १ एप्रिल २०२४ पासून जर्मनीत सज्ञान माणसाला स्वतःपुरती गांजाची तीन रोपं घरी लावता येतात, पण रोपं, बिया आणि वाळवलेला माल मुलांच्या किंवा परक्या कुणाच्या हाती लागणार नाही ही जबाबदारी लावणाऱ्याची. बाल्कनीत कढीपत्त्याशेजारी उघडी कुंडी ठेवून ती पार पडत नाही. म्हणून टेंट.

माझा ६० बाय ६० सेंटीमीटरचा, उंची दीड मीटरच्या थोडी वर. सोबत १०० वॅटचा एलईडी दिवा, पंखा आणि वास शोषणारा कार्बन फिल्टर. हाच संच वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, त्यामुळे नावापेक्षा शिलाई बघा. कापड जाड आहे, शिवण दुहेरी, आतून चंदेरी अस्तर. चेनच्या दोन्ही कड्यांना भोक आहे, त्यात प्रवासी बॅगेचं छोटं कुलूप नीट बसतं. इथवर मी खूश होते.

मग टेंटची मागची बाजू पाहिली. खाली हवेसाठी एक खिडकी आहे, तिची झडप वेल्क्रोची आणि आतली जाळीसुद्धा वेल्क्रोचीच. म्हणजे पुढे कुलूप लावायचं आणि मागून कुणीही हात घालायचा. जाळी शिवून टाकली असती तर काहीच प्रश्न नव्हता. मी पाठ भिंतीला टेकवली आणि जाळी दाभणाने कडेने शिवून घेतली. विक्रेत्याला कळवलं, तर ‘बहुतेक ग्राहकांना याची अडचण येत नाही’ असं उत्तर आलं. ज्यांच्या घरात मुलं आहेत त्यांना ती येणारच, आणि जर्मनीत माल विकताना हे विक्रेत्याला ठाऊक असायला हवं.

माहितीपुस्तिकेचाही मला राग आला. चित्रात चार कुंड्या मांडल्यात आणि खाली भरघोस पिकाची जाहिरात. इथे एका माणसाकडे चौथं रोप सापडलं तर तो थेट गुन्हा आहे. घरात दोन सज्ञान माणसं असतील तर तीन-तीन अशी सहा चालतात, पण माझ्या नवऱ्याला यात रस नाही, म्हणून आमच्याकडे तीनच. माझ्या रोपाचा माल मी दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, फुकटसुद्धा नाही.

खरी मर्यादा रोपांची नाही, वजनाची आहे. घरात वाळलेला माल ५० ग्रॅमपर्यंतच ठेवता येतो, ६० च्या वर गेला की फौजदारी. बाहेर जवळ बाळगायची मर्यादा २५ ग्रॅम. तीन रोपं नीट वाढली आणि एकदम कापली तर ५० चा आकडा सहज ओलांडतो. त्यामुळे मी ऑटोफ्लॉवर जातीचं बी घेते. या जातीला फुलोऱ्यासाठी बारा तासांचा अंधार लागत नाही, वय झालं की फूल धरतंच. एकाच दिव्याखाली एक रोप कोवळं, एक मधलं, एक कापणीला आलेलं असं ठेवता येतं आणि माल थोडाथोडा हाती येतो. दर कापणीनंतर मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करते, जास्तीचं नष्ट करते, आणि बरणी कुलपाच्या कपाटात ठेवते. या पद्धतीसाठी ६० बाय ६० पुरेसा आहे. एक मीटरचा टेंट घ्यायच्या भानगडीत पडू नका, जागा दिसली की भरावीशी वाटते.

कार्बन फिल्टरला मात्र पूर्ण गुण. फुलोऱ्यात वास भयंकर उग्र असतो, टेंट उघडला की खोली भरून जाते. बंद असताना जिन्यात काहीही येत नाही. शेजाऱ्यांना असह्य त्रास होता कामा नये असं कायदाच सांगतो, त्यामुळे फिल्टर ही चैन नाही. पंखा पूर्ण वेगात घुमतो. रात्री दहानंतर मी तो मंद करते आणि संच रबरी चटईवर ठेवलाय. दिवा अठरा तास चालला तर दिवसाला १.८ युनिट वीज जाते.

पाचपैकी चार. एक गुण त्या मागच्या खिडकीचा गेला.

आता आपल्या लोकांसाठी. जर्मनीत किमान सहा महिने राहत असल्याशिवाय रोप लावता येत नाही, म्हणजे नुकतेच आलेले विद्यार्थी यात बसत नाहीत. आणि भारतीय पासपोर्ट असेल तर आपला अमली पदार्थांविरुद्धचा १९८५ चा एनडीपीएस कायदा काढून वाचा. तो भारताबाहेरच्या भारतीय नागरिकांनाही लागू असल्याचं पहिल्याच कलमात लिहिलंय. गांजाचं एक झाड लावलं तरी कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. सुट्टीला सांगलीला जाताना बॅगेत एक कळीसुद्धा राहता कामा नये. मी जर्मन नागरिक झाल्यावरच टेंट मागवला. ऑफिसमधल्या एका ब्लू कार्डवाल्या, म्हणजे कामाच्या परवान्यावर आलेल्या भारतीय मुलाने टेंटची लिंक मागितली, तेव्हा त्याला आधी हे कलम वाचायला दिलं आणि वकिलाला भेट म्हणून सांगितलं. लिंक अजून पाठवलेली नाही.